समासातील ओळ

गेल्या सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्मदिनाचा सण दोन दिवसांवर आला असता, एका दूरच्या शहरातील धर्मगुरूंचे पत्र आमच्या हाती पडले. बुऱ्हाणपूरच्या बाजूस असलेल्या आमच्या धर्मग्रामात ज्याचा बाप्तिस्मा झाला होता अशा एका तरुणाचा त्या शहरी विवाह ठरला असून त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला सत्वर पाठवावा, अशी त्यात विनंती होती. अशी पत्रे आम्हांस नवी नाहीत. आमची मुले कामधंद्यासाठी सुरतेस जातात, पुण्यास जातात, भिवंडीच्या यंत्रमागांवर जातात, आणि पुष्कळांची लग्ने तिकडेच जुळतात. आम्ही संगणकात नाव घातले, नोंद आली, दाखला छापून निघाला, आम्ही सही केली, धर्मग्रामाचा शिक्का उमटविला आणि कागद पाकिटात सारला. या साऱ्या व्यवहारास पाच मिनिटेही लागली नसतील. पूर्वी याच कामासाठी कपाटातील जाड वह्या उपसाव्या लागत, या विचाराने आम्हांस थोडा अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे.

इतक्यात आमचे मास्तर आत आले. गावोगाव पायी हिंडून धर्मशिक्षण देण्यात त्यांची उमर गेली. आता गुडघे दुखतात म्हणून ते कचेरीत बसून टपाल पाहतात. पाकिटावरील नाव वाचून ते थबकले.

"फादर, वहीत पाहिलंत का?"

"आता वही कशाला, मास्तर? सर्व काही यंत्रात आले आहे."

मास्तर त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी कपाट उघडले, हवी ती वही बरोबर काढली, पान उघडले आणि ती आमच्यापुढे मेजावर ठेवली. मुख्य नोंद यंत्रात होती तशीच होती. परंतु पानाच्या समासात बारीक अक्षरांत बरेच काही लिहिलेले होते. आरंभी दृढीकरण संस्काराची नोंद. नंतर, शाळेच्या दाखल्यात मुलाचे नाव वेगळे पडल्यामुळे बापाने केलेल्या प्रतिज्ञापत्राची पाच-सहा ओळींची हकीकत. आणि तिच्या खाली, निराळ्या शाईत, एकच ओळ: अमुक साली, अमुक धर्मग्रामी, अमुक कुमारिकेशी लग्नसंस्कार झाला.

ती मुलगी कोणत्या गावची, हे मास्तरांस ठाऊक होते. आम्हांसही ठाऊक होते. ती जिवंत आहे, आपल्या आईच्या घरी आहे, आणि तिच्या कडेवर एक लेकरू आहे.

आम्ही पाकीट फाडले.

त्या तरुणाची पुढील हकीकत सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. ज्यांच्याशी बोलावयास हवे होते त्यांच्याशी आम्ही बोललो. त्या शहरातील धर्मगुरूंसही कळविले. येथे सांगावयाचे आहे ते इतकेच, की ती ओळ यंत्रातून कशी नाहीशी झाली. कारण ती कोणी खोडली नव्हती. यंत्रही बिघडले नव्हते. शिवाय आमचा अपराध त्यात मोठाच होता. दाखल्यावर शेरा छापलेला होता आणि तो एका शब्दाच्या मधोमध तुटला होता. सही करण्यापूर्वी आम्ही तो वाचला असता तर मास्तरांस कपाटापर्यंत जाण्याचे कारण पडले नसते.

वाचकांपैकी कित्येकांस वाटेल की, समासातील एका ओळीचे एवढे महत्त्व काय? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवण्याचा नियम घातला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मग्रामाच्या नोंदवह्यांचे नमुने घालून दिले. पण बाप्तिस्म्याची वही एका ठिकाणी आणि लग्नाची दुसऱ्याच, अशी स्थिती असल्यामुळे माणूस गाव सोडून गेला की त्याचे पूर्वीचे लग्न कोणास समजावे? म्हणून दहावे पायस परमगुरू असताना २ ऑगस्ट १९०७ रोजी निघालेल्या आणि १९०८ च्या पुनरुत्थान सणापासून अमलात आलेल्या आज्ञापत्राने असे ठरविले की, लग्न कोठेही होवो, त्याची वार्ता बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामी पाठवावी आणि तेथील वहीत त्याच नोंदीशेजारी ती लिहून ठेवावी. आजच्या धर्मविधिसंहितेतही, म्हणजे १९८३ सालच्या, ५३५ आणि ११२२ या कलमांत हेच सांगितले आहे. आणि समासातील या टिपा दाखल्यावर उतरविल्याच पाहिजेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. लग्नासाठी दाखला जुना चालत नाही, सहा महिन्यांच्या आतील लागतो, तो याचसाठी. पुष्कळ आईबाप यावरून आमच्यावर रागावतात. "बाप्तिस्मा एकदाच झाला, फादर, दाखला मात्र दर वेळी नवा का?" बाप्तिस्मा बदलत नाही, समास बदलतो.

आता यंत्राची कथा.

आमच्या धर्मग्रामात संगणक आला तो विसावे शतक संपता संपता. त्या वेळच्या फादरांनी एका होतकरू तरुणाकरवी सर्व वह्या त्यात उतरवून घेतल्या. 'मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस' नावाचा जो नोंदी ठेवण्याचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या ९७ सालच्या आवृत्तीत हे काम झाले. त्या मुलाने मन लावून काम केले होते. समासातील लांबलचक टिपासुद्धा त्याने अक्षरन् अक्षर टंकल्या होत्या. ती फाइल एकाच मेजावरच्या एकाच यंत्रात सुमारे पाव शतक सुखाने नांदली. यंत्र मात्र म्हातारे झाले. चालू होताना ते असा आवाज करी की बाहेर बसलेली माणसे दचकत. नवा संगणक आणला, तर त्याने जुनी फाइल उघडण्यासच नकार दिला. कारण ९७ सालच्या घडणीच्या फाइली वाचण्याची सोय २०१३ च्या आवृत्तीपासून काढून टाकलेली आहे. २०१० ची प्रत असलेला एक संगणक शोधून, तीत ती फाइल उघडून, नव्या घडणीत साठवून घ्यावी लागली. त्याच सुमारास आम्ही काही शेजारच्या धर्मग्रामांनी मिळून असे ठरविले की, प्रत्येकाने आपापल्या यंत्रात वेगळी फाइल ठेवण्यापेक्षा सर्वांच्या नोंदी एका सर्व्हरवर असाव्यात.

सर्व्हर म्हणजे काय, असे आमच्या एका केळी पिकविणाऱ्या बंधूंनी विचारले तेव्हा आम्ही कुंडी भंडाऱ्याचा दाखला दिला. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या अमदानीत आणि खानखानान अब्दुर्रहीम येथे असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी तज्ज्ञाने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंडीला कुंडी जोडीत, बुऱ्हाणपूर शहरात आणले. घरोघरचा आड निराळा आणि एका भांडारातून सर्वांनी भरून न्यावयाचे पाणी निराळे. मेजावरचा संगणक हा आड; सर्व्हर हे भांडार. ते बंधू क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हणजे भांडारात घाण पडली तर ती साऱ्या गावाच्या पोटात जायची." आम्ही उत्तर दिले नाही.

हे स्थलांतर करण्यासाठी शहरातील एका तंत्रज्ञाची योजना झाली. मुलगा हुशार होता, घाईत होता. त्याने आमच्या नोंदी प्रथम एक्सेलच्या तक्त्यात काढल्या आणि त्या तक्त्यातून सर्व्हरवर चढविल्या. बहुतेक जण असेच करतात. परंतु असा तक्ता वाचून घेणाऱ्या यंत्रणेची एक रीत आहे. कोणत्या रकान्यात किती लांबीचा मजकूर येणार याचा अंदाज ती पहिल्या आठ ओळी पाहून बांधते. त्या आठांत २५५ अक्षरांहून लांब काही आढळले नाही, तर पुढील सर्व ओळींचा मजकूर २५५ अक्षरांवर छाटते, आणि छाटल्याचे कोणास कळवीत नाही. आमच्या पहिल्या आठ नोंदी वहीच्या आरंभीच्या, म्हणजे फार जुन्या. त्यांच्या समासात कोठे एखादा लॅटिन शब्द, कोठे तोही नाही. यंत्राने त्यांच्यावरून साऱ्या धर्मग्रामाचा समास मोजला. नावाच्या दुरुस्तीची हकीकत सांगता सांगता त्या तरुणाची २५५ अक्षरे संपली, आणि त्याचे लग्न त्यांच्या पलीकडे राहिले.

यात त्या प्रोग्रॅमचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ही रीत माहितगारांच्या पुस्तकांत छापलेली आहे. आम्ही विचारले नाही. त्या मुलाने सांगितले नाही. नोंदींची संख्या दोन्हीकडे सारखी आली एवढे पाहून आम्ही उभयतांनी चहा घेतला. संख्या जुळली म्हणजे मजकूर जुळला, असा आमचा समज होता. आमच्यासारखे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले लोकही असे तर्क करतात.

पाकीट फाडल्यानंतरच्या रविवारी आम्ही आणि मास्तर वही व यंत्र समोरासमोर ठेवून बसलो. ते वहीतून वाचीत आणि आम्ही पडद्यावर पाहत असू. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरही मदतीस आल्या. त्यात जे निघाले ते पुढे सांगतो, कारण आमच्यासारखे काम हाती घेणाऱ्या इतर धर्मग्रामांस आणि संस्थांस ते उपयोगी पडेल.

एक आजीबाई आहेत. दर रविवारी पुढच्या बाकावर बसतात. त्यांचा बाप्तिस्मा १९३५ सालचा. मूळ फाइलीतील काही पानांवर तारीख ही तारीख म्हणून नव्हे तर साधा मजकूर म्हणून टंकलेली होती, आणि सालाचे शेवटचे दोनच आकडे घातले होते. आता 'पस्तीस' म्हणजे कोणते शतक, हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या रिवाजाने ठरवितो. मेजावरील अ‍ॅक्सेसचा रिवाज असा की, ०० ते २९ हे आकडे या शतकातले आणि ३० ते ९९ मागच्या शतकातले. ज्या एसक्यूएल सर्व्हरवर नोंदी चढविल्या त्याचा रिवाज असा की, ०० ते ४९ या शतकातले आणि ५० पासून पुढचे मागच्या. दोन्ही एकाच घरची भावंडे. पण एक तिसाला उंबरठा मानतो, दुसरा पन्नासाला. परिणाम असा झाला की १९३० ते १९४९ या काळात ज्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्यांच्या नोंदीत दोनच आकडे होते, ती सर्व माणसे शंभर वर्षे पुढे गेली. आजीबाईंस आम्ही हे सांगितले तेव्हा त्या पदराने तोंड झाकून हसल्या. "म्हणजे फादर, मी अजून जन्मलेच नाही म्हणायची! मग एवढी वर्षं चूल कोणी फुंकली?"

दृढीकरणाचा रकाना तर समूळ रिकामा दिसू लागला. बिशपस्वामींच्या भेटीपूर्वी आम्ही संस्कार मिळालेल्यांची यादी मागितली, तर यंत्राने सांगितले, एकही नाही. कारण शोधता असे आढळले की, 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर असलेल्या रकान्यात अ‍ॅक्सेस 'होय' हे उणे एक असे साठवितो आणि सर्व्हर ते नुसते एक असे साठवितो. आमची यादी काढण्याची जुनी आज्ञा उणे एक शोधीत होती. ती नोंदींतून फिरून रिकाम्या हाताने परत येई. तीच गत नावाचा अर्धा भाग घालून शोध घेण्याची. जुन्याकडे त्यासाठी तारकाचिन्ह लागे, नव्याकडे टक्क्याचे चिन्ह लागते. या गोष्टी कळल्यावर पाच मिनिटांत दुरुस्त होतात. कळेपर्यंत माणूस हैराण होतो.

अक्षरांचा प्रश्न मात्र पाच मिनिटांचा नव्हे. आमच्या भागात वर्षानुवर्षे 'कृतिदेव' या फाँटात टंकलेखन होत आले आहे. पडद्यावर दिसावयास ती देवनागरी. पण संगणकाच्या पोटात साठतात ती इंग्रजी अक्षरे. 'राम' असा शब्द टंकला तर आत जे, के, ई अशी तीन अक्षरे जातात. फाँट त्यांच्यावर र, काना आणि म यांचा मुखवटा चढवितो. मुखवटा काढला की उरतो तो निरर्थक रोमन मजकूर. युनिकोड या जागतिक पद्धतीत, जिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. त्याच वर्षी आपल्या देशातही भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरले होते, आणि पुण्याच्या सी-डॅकचे या क्षेत्रातील कार्य प्रसिद्ध आहे. तरीही गावोगावच्या कचेऱ्यांत मुखवट्यांचेच राज्य पुढे कित्येक वर्षे चालले. आमच्या नोंदी सर्व्हरवर नेण्यापूर्वी युनिकोडमध्ये बदलणे भाग होते. बदलताना ऱ्हस्व इकाराने फार छळले. कृतिदेवात तो अक्षराच्या आधी टंकतात, कारण तो आधी दिसतो. युनिकोडमध्ये तो अक्षरानंतर साठतो, कारण त्याचा उच्चार नंतर होतो. ही उलटापालट नीट न झाल्यामुळे कित्येक मारिया आणि फिलिप यांच्या नावांतील वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली.

पहिल्या खेपेस तर याहून वाईट झाले होते. सर्व्हरवरील नावाचा रकाना ज्या प्रकारचा निवडला गेला, तो केवळ रोमन लिपीपुरता होता. देवनागरी अक्षरे त्यात घातली की प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह उमटते, आणि एकदा उमटले की मूळ अक्षर तेथून परत मिळत नाही. आमचा सारा धर्मग्राम एका रात्रीत प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसला. नशीब एवढेच की जुनी फाइल पुसलेली नव्हती. ते जुने, आवाज करणारे यंत्र भंगारवाल्याने ठरविलेल्या भावातही आम्ही दिले नाही, ते याचसाठी. ते आता कचेरीच्या कोपऱ्यात पोते पांघरून बसले आहे.

आमच्या शहराच्या नावानेही आम्हांस पेच घातला. 'बुऱ्हाणपूर' यातील जो आडवा, अर्धा र आहे, तो मराठीचे खास लेणे आहे. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावयाचा. दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावयाचे. डोळ्यांस दोन्ही अगदी एक दिसतात. यंत्रास ती दोन निराळी गावे वाटतात. त्यात हिंदीत लिहिणाऱ्यांचे 'बुरहानपुर' तिसरे. एका नावाने शोधले असता दुसऱ्या दोन रीतींनी लिहिलेली माणसे सापडत नसत, आणि आम्ही कित्येकांस "तुमची नोंद येथे नाही" असे सांगून परत पाठविले असण्याचा संभव आहे. ज्यांस असे सांगितले गेले असेल त्यांनी कृपया पुन्हा यावे.

गावाचे नाव तर गाव. जिल्ह्याचा रकाना त्याहून बिकट. सर्व्हरवर तेथे ठराविक नावांतूनच एक निवडावे लागते. पण एकाच वाडीतील आजोबा, बाप आणि नातू यांच्या जिल्ह्यांची नावे वहीत निरनिराळी आहेत. निमाड, मग पूर्व निमाड, म्हणजे खंडवा. आणि २००३ पासून बुऱ्हाणपूर. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी तर आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती! धर्मप्रांताचेही तसेच. १९५२ साली इंदूर धर्मप्रांत झाला. १९७७ साली त्यातून खंडवा धर्मप्रांत वेगळा झाला. तंत्रज्ञ म्हणाला, "सगळीकडे आजचंच नाव टाकून देऊ, फादर." आम्ही नको म्हटले. दाखल्यावर त्या दिवशी जे होते ते यावे. शोधण्यासाठी आजचे नाव वेगळ्या रकान्यात असावे. तसे आता केले आहे.

लॅटिन वह्यांची एक गंमत सांगतो. त्यांत 'योसेफचा पुत्र' असे लिहिताना बापाचे नाव षष्ठीत, म्हणजे 'योसेफी' असे येते. टंकणाऱ्या मुलास लॅटिन कोठून यावे? आमच्या धर्मग्रामातील एका पिढीच्या सर्व बापांची नावे ईकारान्त होऊन बसली आहेत. हा दोष सर्व्हरचा नाही, पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. पण वही समोर ठेवून वाचल्याशिवाय तो दिसला नसता.

आणखी एक गोष्ट आमच्या कामाची नव्हती, पण आम्हांस तिचे फार नवल वाटले. या सर्व्हरवरील तारखेचा जो जुना, रूढ प्रकार आहे, त्यात १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख बसतच नाही. कारण असे की, तेरावे ग्रेगरी परमगुरू यांनी १५८२ साली पंचांग सुधारले, तेव्हा कॅथलिक देशांनी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर मानला. आविलाची संत तेरेजा नेमकी त्याच रात्री स्वर्गवासी झाली, म्हणून तिचा सण १५ तारखेस येतो. इंग्लंडने मात्र परमगुरूंचे पंचांग १७५२ च्या सप्टेंबरापर्यंत स्वीकारले नाही, आणि स्वीकारले तेव्हा त्यास ११ दिवस गाळावे लागले. हा घोळ टाळण्यासाठी यंत्राचे कालमापन त्याच्या पुढच्या वर्षापासून सुरू केले गेले. म्हणजे वसई १७३९ साली मराठ्यांनी घेतली, त्यापूर्वीच्या पोर्तुगीज अमलातील एखादी बाप्तिस्म्याची नोंद कोणी या प्रकारात घालू गेला, तर यंत्र ती नाकारील. २००८ पासून याच सर्व्हरमध्ये पहिल्या सालापर्यंत मागे जाणारा नवा प्रकार आला आहे. तो मागून घ्यावा लागतो. वसईकडील आमच्या बंधूंनी लक्षात ठेवावे.

हा सारा प्रपंच केवळ चर्चच्या वह्यांपुरता असता तर त्याने या सदराची एवढी जागा अडविली नसती. तुम्हां आम्हां सर्वांची कागदपत्रे सध्या अशाच प्रवासात आहेत. केंद्र सरकारने २०२२ च्या जून महिन्यात देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या गावची सेवा सोसायटी, एकाच संगणकीय व्यवस्थेत आणण्याच्या २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. जेथे जेथे जुना हिशेब नव्या व्यवस्थेत चढतो, तेथे तेथे खतासाठी उचललेले कर्ज, भरलेला हप्ता, बापाच्या पश्चात मुलाच्या नावे झालेली भागपत्रे, ही सर्व एका रकान्यातून दुसऱ्यात जातात. आपले जुने पासबुक आणि पावत्या नव्या उताऱ्याशी लावून पाहाव्यात. नवे पासबुक मिळाले म्हणून जुने चुलीत घालू नये.

महाराष्ट्रात, तापीच्या खालच्या अंगास रावेर-जळगावकडे ज्यांची शेते आहेत, त्यांनी सातबाऱ्याच्या बाबतीत हे अनुभविलेच आहे. हस्तलिखित उतारे संगणकात गेले, आणि संगणकातील उतारा व तलाठ्याची वही यांत फरक पडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०१७ साली सरकारने गावोगाव चावडी वाचन करविले. लोकांसमोर उतारे वाचून दाखवावेत, ज्याचे चुकले असेल त्याने तेथेच हरकत सांगावी, अशी ती व्यवस्था. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. चावडी वाचनाची ही कल्पना आम्हांस फार आवडली. यंत्राची चूक यंत्राकडून कळत नाही. आपले क्षेत्र एक एकराने कमी लागले हे त्या शेतकऱ्यासच कळते.

तेव्हा आमच्या धर्मग्रामातही आम्ही तसेच आरंभिले आहे. अर्थात चर्चच्या वह्या चावडीवर मोठ्याने वाचण्याच्या नव्हेत. त्यांत कित्येक घरांची दुःखे लिहिलेली असतात. म्हणून दर रविवारी मिस्सा झाल्यावर दोन कुटुंबांस कचेरीत बोलावितो, दार लोटून घेतो आणि त्यांच्याच घरच्या नोंदी वहीतून व यंत्रातून त्यांच्यासमोर ताडून पाहतो. आजवर जवळजवळ प्रत्येक घरात काही ना काही निघाले आहे. एका घरी तर वहीतही नसलेले एक मूल निघाले. घरीच तातडीचा बाप्तिस्मा झाला होता, तीन दिवसांत ते वारले, आणि कोणी चर्चमध्ये कळविलेच नव्हते. त्याच्या आईने आता, इतक्या वर्षांनी, ते सांगितले. बाप्तिस्मा देणारी सुईण वारली आहे. पण त्या वेळी खोलीत असलेली आत्या हयात आहे. धर्मविधिसंहितेच्या ८७६ व्या कलमाप्रमाणे एका विश्वासार्ह साक्षीदाराची साक्ष पुरते. आत्याबाईंची साक्ष घेऊन आम्ही ती नोंद वहीत केली, आणि मग यंत्रात.

समासाचा रकाना आता हवा तितका लांब करून घेतला आहे. तुटलेल्या सर्व टिपा जुन्या फाइलीतून नव्हे, तर थेट वहीतून पुन्हा टंकाव्यात असा मास्तरांचा हट्ट होता, आणि तो आम्ही मानला. ते स्वतःच टंकतात, एका बोटाने. एक टीप टंकून झाली की चष्मा पुसतात, वही आणि पडदा दोन्ही पुन्हा वाचतात, आणि मगच पान उलटतात. काल सायंकाळपर्यंत ते १९७१ च्या पानावर आले होते. नाताळापूर्वी १९९० गाठावयाचे असे त्यांनी ठरविले आहे. ज्यांची पाळी पुढील दोन रविवारी आहे त्या कुटुंबांची नावे चर्चच्या फळ्यावर लिहिली आहेत. येताना घरातील सर्वांत वयस्क माणसास अवश्य आणावे. जुने दाखले, पावत्या, आजोबांच्या प्रार्थनापुस्तकात लिहिलेल्या तारखा, जे असेल ते बरोबर घ्यावे.